बी-आठवरचा हत्ती

चांदणी पाटीलने हत्ती उचलला, सी-आठवरून बी-आठवर ठेवला, घड्याळाचं बटण दाबलं आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं. झालं एवढंच. काळ्याची एकोणिसावी चाल, हत्ती एक घर बाजूला. हॉलमध्ये साठ पटांवर एकशेवीस माणसं त्या मिनिटाला काही ना काही सरकवत होती आणि त्यातल्या एकाच्याही अंगावर काटा आला नव्हता. उदय तांबेची मात्र आधी कानशिलं तापली, मग बोटं गार पडली. समोरच्याची चाल आपल्या कागदावर लिहायची असते, म्हणून त्याने पेन टेकवलं आणि तसाच बसून राहिला. पेनाखालचा निळा ठिपका मोठा मोठा होत गेला. ही चाल कुठल्या पुस्तकात नव्हती. असायचं कारणही नव्हतं, कारण ती तशी चालच नव्हती. आपल्या राजावर पांढऱ्याची फौज चालून आलेली असताना काळ्याने हत्ती असा बाजूला सरकवणं म्हणजे घराला आग लागलेली असताना पडदे बदलत बसणं. असली चाल शुद्धीवरचा माणूस जन्मात एकदाच खेळू शकतो, आणि तो ती एकदा खेळून गेला होता. तीस वर्षांपूर्वी, ठाण्यातल्या एका शाळेत, उदयच्याच समोर बसून. त्यानंतर त्या माणसाने पटाला हात लावला नाही, असं उदयने ऐकलं होतं.

हॉल लग्नाचा होता. केबिन रोडवरून आत वळलं की तिसरी इमारत, दुसरा मजला. आदल्या दिवशीच्या लग्नाची झेंडूची माळ स्टेजच्या कोपऱ्यात अजून लोंबत होती आणि खुर्च्यांना पांढऱ्या साटिनचे झगे तसेच होते, त्यामुळे पाठ घामाने चिकटून बसायची. खाली भाजीवाल्यांचा गलका. पंच धर्मेशभाई दर पाच मिनिटांनी ओठांवर बोट ठेवून रांगांमधून फिरायचे, जणू रस्त्यालाही गप्प बसवणार होते. शेवटची फेरी, चौथा पट. यादीत 'पाटील चांदणी' हे नाव वाचून उदयच्या मनात काही म्हणजे काही आलं नव्हतं. पाटील काय, भाईंदरमध्ये डोळे मिटून दगड मारला तरी पाटलालाच लागतो. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी, कुठल्याशा पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे, एवढं शेजारच्याने सांगितलं. तिने 'नमस्कार काका' म्हणून हात मिळवला आणि ड्रॅगन खेळायला घेतला, तेव्हा तर उदयला बरंच वाटलं होतं. ड्रॅगन म्हणजे सिसिलियन बचावातला सगळ्यात तिखट प्रकार. नाव बचावाचं, पण रीत अशी की काळ्याने आपल्या राजाचं दार सताड उघडं टाकायचं आणि पांढऱ्याला म्हणायचं, ये. पांढऱ्याचा राजा एका बाजूला, काळ्याचा दुसऱ्या. दोघं एकमेकांवर धावत सुटतात आणि जो एक चाल मागे पडेल तो मेला. बरोबरी हवी असलेला माणूस सहसा या वाटेला जात नाही. उदयला ही वाट पाठ होती, आणि पोरगी भराभर खेळत होती, म्हणून तोही भराभर खेळत गेला. बाराव्या-तेराव्या चालीला एकदा मनात चुकचुकलं, की ही चालींची रांग आपल्या ओळखीची आहे. पण ड्रॅगनमध्ये ओळखीचं वाटायचंच, असं म्हणून त्याने ते झटकलं. बावन्न वर्षांचा माणूस स्वतःला बरोबर कुठे फसवायचं हे शिकलेला असतो.

आता त्याने मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. चेहऱ्यावरून काही कळेना. मग नजर खाली गेली आणि तिच्या उरलेल्या घोड्यावर अडकली. घोड्याचं तोंड तिच्याकडे होतं. डाव सुरू व्हायच्या आधी तिने दोन्ही घोडे उचलून आपल्याकडे वळवून ठेवले होते, हे त्याने पाहिलं होतं आणि पाहिलं नव्हतं. लोक घोडे शत्रूकडे तोंड करून ठेवतात, नाहीतर कसेही ठेवतात. आपल्याकडे वळवून ठेवणारा एकच माणूस त्याला ठाऊक होता. का रे असं, म्हणून विचारल्यावर तो म्हणायचा, जनावराला आपला मानूस दिसाया पायजे. पंढरी. पंढरीनाथ पाटील, राहणार काशीगाव. उदय घटाघटा पाणी प्यायला.

ड्रॅगनची ही वाट उदयला पाठ होती म्हणजे काय, ती अर्धी त्यानेच बांधली होती. काशीगावात पंढरीच्या घराच्या पडवीत, तीन वर्षं, दर रविवारी. पंढरीचं घर जमिनीचं. थोडी भातशेती आणि खाडीकडे मिठागर. उदयचा बाप कोंडिराम चिपळूणकडून आलेला, भाईंदरच्या एका स्टीलच्या कारखान्यात पॉलिश मारायचा. दोघं कॉलेजात भेटले आणि पटावर चिकटले. पंढरीच्या तळहातांना मिठाने बारीक भेगा पडलेल्या असायच्या. सोंगट्या उचलताना त्या भेगांमध्ये रंग अडकायचा. पंढरी नेहमी काळा, उदय नेहमी पांढरा, आणि मध्ये निळ्या पुठ्ठ्याची शंभरपानी वही. त्यात पंढरी आपल्या वाकड्या अक्षरात चाली लिहायचा. दुपारी त्याची आई रखमाबाई दारातून हाक मारायची, लाकडं ठेवा न जेवा आता. तांदळाची भाकरी, सुकटाची चटणी. पहिल्या दिवशी जेवायला बसताना उदय सवयीने जरा बाजूला, भिंतीकडे सरकला होता. रखमाबाईंनी काही न बोलता त्याचं ताट उचललं आणि पंढरीच्या ताटाला चिकटवून ठेवलं. त्या काळी, त्या गावात, हे साधं नव्हतं. घरी जाऊन त्याने बापाला सांगितलं, तेव्हा कोंडिराम म्हणाला होता, त्या माउलीला विसरू नको. खाल्ल्या मिठाला जागावं असं म्हणतात. उदयने तर त्या घरचं मीठ शब्दशः खाल्लं होतं.

आणि मग ती ठाण्याची स्पर्धा. जिल्ह्याची निवड, शेवटची फेरी, आणि नेमके हे दोघंच समोरासमोर. दोघांचे गुण सारखे. डाव सुरू व्हायच्या आधी शाळेच्या व्हरांड्यात पंढरी म्हणाला, कशाला रक्त आटवायचं, पंधरा-वीस चाली खेळू आपल्या वहीतल्या आणि बरोबरी करू. दोघं पुढं जाऊ. उदय म्हणाला, चालेल. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, सगळेच करतात. मधल्या फेरीत मित्रच मित्रासमोर आला की आजही व्हरांड्यात नुसती मान हलते आणि आत जाऊन वीस मिनिटांत हस्तांदोलन होतं. उदय पाणी प्यायला गेला. पिंपाला साखळीने बांधलेला स्टीलचा पेला होता. तिथे दोन माणसं बोलत उभी होती, त्यातला एक कुठल्याशा विमा कंपनीचा खेळ अधिकारी. तो सांगत होता, संघात एक जागा आहे, नोकरीसकट, आज पहिला येईल त्याला उद्याच बोलावतो, दुसरा नको. उदयने पेला तोंडाला लावला होता, तो तसाच राहिला. बरोबरी झाली असती तर पहिला पंढरी आला असता. गुण सारखे असले तर ज्याचे प्रतिस्पर्धी जास्त ताकदीचे तो वर, आणि ते पंढरीचे होते. चार महिन्यांपूर्वी कोंडिरामचा कारखाना बंद पडला होता. बाप दिवसभर चाळीच्या पायरीवर बसून स्वतःच्या हातांकडे बघायचा. उदयने मागे न बघताच पेला मागच्या माणसाच्या हातात दिला आणि आत जाऊन बसला.

अठरा चाली वहीतल्या. एकोणिसावी चाल, पंढरीने हत्ती बी-आठवर ठेवला. वहीत नसलेली, हात हलवायचा म्हणून हलवलेली. आता तू बरोबरी माग, अशा चेहऱ्याने तो खुर्चीत मागे टेकून बसला. आणि उदयला एच-पाच दिसलं. हत्तीने तिथला घोडा मारायचा, काळ्याने हत्ती परत मारला की वजीर आत, मग मात. सरळ, स्वच्छ, उघडी पट्टी. त्याने मारलं. पंढरीने पटाकडे पाहिलं. मग उदयकडे पाहिलं. मग पुन्हा पटाकडे, अकरा मिनिटं. उदयने घड्याळात मोजली होती, कारण दुसरीकडे कुठे बघायचं ते त्याला सुचत नव्हतं. मग पंढरीने आपला राजा आडवा केला, हात मिळवला, आणि त्या भेगाळलेल्या हाताची पकड नेहमीसारखीच होती. जाताना तो एकटाच गेला. उदयला नोकरी लागली. नोकरीवर कांताशी लग्न ठरलं, नोकरीच्या कर्जावर सिल्व्हर पार्कमधला फ्लॅट झाला, मुलीचं, नेहाचं शिक्षण झालं. नोकरी लागल्यावर महिन्याभरात काशीगावहून कुणीतरी एक पिशवी आणून दिली, रखमाबाईंनी पाठवलेली. आत जाडं मीठ होतं. दुसरं काही नाही, चिठ्ठी नाही, निरोप नाही. उदयला तो टोमणा सुईसारखा टोचला. त्याने कुणाला न सांगता ते मीठ खाडीच्या पुलावरून ओतून टाकलं.

सिल्व्हर पार्कपासून काशीगाव रिक्षाने दहा मिनिटं. ही दहा मिनिटं त्याला तीस वर्षांत पार करता आली नव्हती. एकदा बाजारात पंढरी लांबून दिसला, केस पांढरे झालेला, तर हा पन्नाशीचा हेडक्लार्क पापलेटच्या टोपल्या मांडलेल्या बाईच्या छत्रीमागे लपला. आपल्या वागण्याचा त्याने कधी खोटा हिशेब केला नाही. शब्द मोडला, हे खरं. पण बाजी जिंकली, हेही खरं. रात्रंदिवस त्याने हीच दोन वाक्यं एकमेकांसमोर बसवली होती. मी मित्राला फसवलं, पण पटाला फसवलं नाही. तिथे मात होती, मी ती पाहिली, आणि पटावर जे आहे ते न खेळणं हाही एक खोटेपणाच. पंढरीसारख्या खेळाडूने अकरा मिनिटं विचार करून राजा आडवा केला याहून मोठा पुरावा काय हवा. या एका खांबावर त्याचं सगळं घर उभं होतं. आणि तरी, नेहाने मोबाइलवर बुद्धिबळाचं इंजिन टाकून दिल्यापासून त्याने आपले झाडून सगळे डाव त्यात घालून तपासले होते. हरलेले, जिंकलेले, शाळेतले सुद्धा. तो एक सोडून. गरजच काय, असं तो म्हणायचा. त्या डावाचा कागद कपाटात विम्याच्या कागदांच्या खाली होता आणि इतक्या वर्षांत तो एकदाही बाहेर आला नव्हता.

घड्याळ चालू होतं, त्याचंच. म्हणजे ही पंढरीची मुलगी. पंढरीने शिकवून पाठवलेली. कशासाठी? तिच्या हातून ही चाल सहज झाली असेल, असं तो स्वतःला सांगायला गेला आणि जमलं नाही. ती शांतपणे त्याच्याकडे नाही, त्याच्या उजव्या हाताकडे बघत होती. मग त्याच्या लक्षात आलं की अजून वेळ गेलेली नाही. तीच स्थिती, तीच चाल, आणि पाळी त्याचीच. आत्ता कुठलीही साधी चाल करायची आणि म्हणायचं, बरोबरी? नियमाप्रमाणे कागदावर त्या चालीपुढे दोघांनी बरोबरीची खूण करायची, आडव्या दोन रेघा. तीस वर्षांपूर्वी दोन रेघा काढायच्या राहून गेल्या होत्या, त्या आज काढायच्या.  इतकं सोपं आहे हे, असं वाटून त्याला रडूच आलं असतं. ब आणि रो ही अक्षरं जिभेवर येऊन बसली होती. आणि त्याच वेळी डोळा मात्र एच-पाचकडे गेला होता, कारण तीस वर्षं तो तिकडेच जात आला होता. आज बरोबरी मागितली तर मग ते काय होतं? ती मात खरी होती की नव्हती? मागितली तर हे कोडं कायमचं तसंच राहील. एकदा, फक्त एकदा खेळून बघावं. पोरगी हरेल, आणि मग डाव संपल्यावर आपण तिला सगळं सांगू, माफी मागू, काशीगावला जाऊ. आधी खांब तपासून घेऊ, मग नमस्कार करू. माणूस स्वतःशी किती गोड बोलतो. चौदा मिनिटांनी त्याने हात पुढे केला आणि एच-पाचवरचा घोडा मारला.

तिने त्याच्या हाताकडे बघत हळूच श्वास सोडला. त्या श्वासात राग नव्हता, हे त्याला नंतर आठवलं. तिने त्याचा हत्ती मारला नाही. एच पट्टीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. बी-आठवरचा तो आळशी, बावळट, कशाला तिथे बसलाय असा हत्ती उचलला आणि सरळ खाली आणून त्याच्या राजाच्या पुढ्यातलं प्यादं मारलं. शह. उदयने पटाच्या या बाजूला तीस वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं. या बाजूला त्याचा स्वतःचा राजा होता. त्याने राजाने हत्ती मारला, दुसरं काही करता येत नव्हतं. वजीर बी-चारवर, शह. राजा कोपऱ्यात. वजीर सी-तीनवर, शह. राजा बाहेर. वजीर बी-चारवर, शह. दुसरीकडे पळावं तर मरण. त्याची मात एका चालीवर येऊन उभी होती, वजीर, हत्ती, प्यादी सगळी तलवारी उपसून, आणि ती एक चाल त्याला मिळत नव्हती, मिळणार नव्हती, कधीच मिळाली नसती. कोपरा, बाहेर, कोपरा. तिने घड्याळ थांबवून हात वर केला. धर्मेशभाईंनी दोघांच्या कागदांवरून बोट फिरवलं. "तीन बार सेम पोझिशन आ गया. ड्रॉ है, अंकल. साइन करके बाहर टेबल पे रख दो, और मोबाइल ले लो." तिसऱ्या पटावर काहीतरी वाद चालू होता, तिकडे ते निघून गेले. उदय उठला तेव्हा साटिनचा झगा पाठीला चिकटून खुर्चीवरून निम्मा उतरला.

बाहेर पॅसेजमध्ये टेबल होतं, त्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्यांमध्ये सगळ्यांचे मोबाइल. ती आपली पिशवी शोधत होती. त्याने विचारलं, तू पंढरीची मुलगी ना? तिने मान हलवली. मग त्याने जे विचारायचं नव्हतं तेच विचारलं, की ही चाल पंढरीने कधी शोधली. मनात त्याच्या अजून एक फट शिल्लक होती, की नंतर, पुढे कधीतरी, इंजिन आल्यावर. तसं असेल तर त्या दिवशी ती मात पंढरीपुरती तरी खरीच होती.

"शोधली नंतर नाही काका," ती म्हणाली. "निळी वही आहे घरी. स्पर्धेच्या आधीच्या रविवारची तारीख आहे त्या पानावर. रूक बी एट. आणि खाली लिहिलंय, उदयने मारलं तरी बरोबरी."

तो रविवार उदयला आठवला. कोंडिरामला ताप होता म्हणून तो काशीगावला गेला नव्हता. म्हणजे पंढरी पडवीत एकटा बसून उदय मारेल का, मारलं तर काय, हे बघत होता. आणि बघून, शब्द देऊन-घेऊन, वर कुलूपही लावून आला होता, मैत्री टिकली तरी बरोबरी आणि मोडली तरी बरोबरी. किल्ली त्याच्या खिशात होती. मग ती अकरा मिनिटं? ती चाल शोधण्यात गेलेली नव्हती. आणि आता, या पॅसेजमध्ये, उदयच्या हाताला जणू पुन्हा तो ठाण्याच्या शाळेतला साखळीचा पेला लागला. पिंपापाशी त्याने मागे न बघता पेला दिला होता, तो घेणारा हात. त्याच्या बोटांना तो हात घासला होता. खरखरीत, भेगांचा. पंढरी मागे उभा होता. त्यानेही ऐकलं होतं. अकरा मिनिटं तो पटाकडे बघत बसला ते उदयला नोकरी द्यायची की नाही हे ठरवायला, आणि मग त्याने ती दिली. राग आलेला असताना दिली, फसवलेला असताना दिली. रखमाबाईंचं मीठ. त्यांच्याकडे घरात काही चांगलं झालं की मिठागरातल्या पहिल्या राशीचं मीठ आपल्या माणसांना पाठवायची रीत होती. पंढरीच्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा उदयच्या आईलाही आलं होतं. हे त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून त्याने ते पुलावरून ओतलं होतं.  ज्याला तो जन्मभर खांब समजत आला होता तिथे काही नव्हतंच, पंढरीचा हात होता फक्त.

"बाबांनी मला बजावून ठेवलं होतं," ती खालच्या आवाजात म्हणाली, "उदयसमोर आलीस तर ड्रॅगन खेळायचा नाही. का विचारलं तर म्हणाले, त्याला वाटतंय तो जिंकला. वाटू दे." तिने पिशवीतून मोबाइल बाहेर काढला. "मी ऐकलं नाही. मला बघायचं होतं काका, तुम्ही ड्रॉ मागता की मारता. मी एवढं ऐकलंय तुमच्याबद्दल. मला वाटलं होतं मागाल."

 तिने मोबाइल चालू केला आणि तो लगेच वाजला. 'बाबा' असं तिथे लिहून आलेलं त्यालाही दिसलं. तिने कानाला लावला, पण पॅसेज अरुंद होता आणि पलीकडचा आवाज पहिल्यासारखाच मोठा होता; मिठागरात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला बोलणाऱ्या माणसाचा आवाज. तो विचारत होता, काय झालं. ड्रॉ, ती म्हणाली. काय खेळलीस, त्याने विचारलं, आणि ती गप्प राहिली. ड्रॅगन, आणि समोर उदय, हे त्यावरूनच त्याला कळलं असावं. 

मग तो म्हणाला, "कोनी मांगला गो?"

चांदणीने उदयकडे पाहिलं. तिचे डोळे पंढरीचे नव्हते, पण पटावरून मान वर करून बघायची पद्धत त्याची होती. अकरा मिनिटं लागली नाहीत, दोन श्वास लागले असतील.

"त्यांनीच," ती म्हणाली. "तुमचा रूक बी-एटवर आला आणि काकांनी लगेच मागितला."

"मना ठाव व्हता," पंढरी म्हणाला. आवाज चिरकला होता. "मना ठाव व्हता, येकदा तो मांगंल. दे, दे त्याला जरा."

तिने मोबाइल पुढे केला. नाही म्हण, असं उदय स्वतःला सांगत होता; सांग की मी मागितला नाही, मी पुन्हा मारलं, तुझ्या पोरीसमोर बसून, चौदा मिनिटं विचार करून मारलं. मोबाइल गरम होता. पलीकडे पंढरीचा श्वास लागलेला होता, जिना चढून आल्यासारखा. उदय, तो म्हणाला, तूच मांगला ना? वाट बघत राहिला. उदयने तोंड उघडलं.

"हो," तो म्हणाला.

पंढरी हसला की रडला ते नीट कळलं नाही. काहीतरी म्हणाला, कधीतरी ये, आई ऱ्हायली न्हाय आता, पन ये. उदयने मोबाइल परत दिला. ते 'हो' आपण पंढरीसाठी बोललो की स्वतःसाठी, याचा त्याला पत्ता लागेना, आणि तो कधी लागणार नाही एवढं मात्र तिथल्या तिथे कळलं. तीस वर्षांपूर्वी बापाने दिलं होतं, आज लेकीने दिलं. या घरचं देणं संपत नव्हतं आणि त्याचं घेणंही.

चांदणीने टेबलावरचा आपला कागद सरळ केला. बाबा घरी गेल्यावर कागद मागतात, ती म्हणाली, एकेक चाल लावून बघतात. मग तिने आपल्या कागदावर जिथे त्याची एच-पाचवर मारल्याची चाल लिहिली होती, तिथून खालच्या सगळ्या चाली एकदा पाहिल्या. आयोजकांकडे उदयचा कागद जाणार होता. हा कागद फक्त काशीगावला जाणार होता. तिने पेनाने त्या ओळीपासून खालचं सगळं वाचता येणार नाही इतकं गिरवून खोडलं, जागा उरली तिथे राजाची एक साधी चाल लिहिली आणि तिच्यापुढे आडव्या दोन रेघा काढल्या. रेघा सरळ आल्या. मग तिने कागद त्याच्याकडे सरकवला आणि सहीची जागा बोटाने दाखवली. खाली भाजीवाले ओरडतच होते. उदयने सही केली.